बंदुकीचा चाप : हलका किती, जड किती?



सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या, मक्याला कणसं धरली, हळदीचे वाफे माजले, की आपल्या भोकर तालुक्यात जागलीचे दिवस सुरू होतात. डोंगराकडच्या शिवारात रानडुकरं आणि रोही एका रात्रीत एकरभर पीक लोळवतात. अशा गावांतून पीक-संरक्षणाची परवाना असलेली बंदूक काही घरी असते. कुणाकडे ठासणीची, कुणाकडे काडतुसाची एकनळी किंवा दुनळी. पुष्कळदा ती वडिलांच्या, आजोबांच्या काळातली असते.

ह्या बंदुकीबद्दल एक तक्रार मला वरचेवर ऐकू येते. "साहेब, चाप फार जड झालाय. ओढता ओढता नेम हलतो." आणि मग त्यावरचा घरगुती इलाज म्हणून कानस निघते. आजचं भाषण ह्याच विषयावर आहे. बियाणं आणि खतं सांगणारा माणूस बंदुकीवर कशाला बोलतो, असं वाटेल. त्याचं कारण सांगतो.

मागे एका गावी कपाशीत कामगंध सापळे लावायला गेलो होतो. तिथल्या एका शेतकऱ्यानं मोठ्या हौसेनं बंदूक दाखवली. म्हणाला, "चाप बघा कसा लोण्यावाणी केलाय." त्यानं आतली खाच कानशीनं घासली होती. मी हसलो. हा आपल्या खात्याचा विषय नाही म्हणून गप्प बसलो. दहा-बारा दिवसांनी तो रात्री माळ्यावरून उतरत होता. घोडा चढवलेला, नळी खाली. दस्ता शिडीच्या पायरीला लागला आणि बार उडाला. खाली बॅटरी धरून पुतण्या उभा होता. त्याच्या पायापासून हातभर अंतरावर जमिनीला खड्डा पडला. त्या वेळी चापाला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं.

मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. ते आज बोलतो.

चाप काम कसं करतो?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. काही गावांत चापालाच घोडा म्हणतात. ह्या भाषणात चाप म्हणजे बोटानं ओढायचा तो, आणि घोडा म्हणजे टोपीवर आपटणारा तो.

घोडा मागे ओढला की त्याच्या मागची जोरकस कमान ताणली जाते. घोड्याच्या बुडाला एक बारीक खाच असते. त्या खाचेत एक पोलादी जीभ जाऊन बसते आणि सगळा ताण धरून ठेवते. चाप ओढला की जीभ खाचेतून सरकते, घोडा सुटतो. घोडा आत लपलेला असेल, नळी मोडताना आपोआप चढत असेल, तरी आतली रचना हीच. म्हणजे भरलेली बंदूक आणि उडालेला बार ह्यांच्यामध्ये फक्त त्या खाचेची धार असते. ती धार तांदळाच्या दाण्याहूनही बारीक असते.

आता कानस मारली की काय होतं बघा. खाचेचं पोलाद वरून पाणी देऊन कठीण केलेलं असतं. ही कठीण साल फार पातळ असते. कानशीनं ती निघून गेली की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं. पहिल्या दिवशी चाप मजेदार हलका लागतो. पण मऊ धार दर बाराला झिजत जाते, जिभेची पकड कमी कमी होत जाते. आज हलका वाटलेला चाप पंधरा दिवसांनी आणखी हलका होतो आणि एक दिवस नुसत्या धक्क्यानं सुटतो. शिवाय खाचेचा कोन जरा चुकला, तर पकड पहिल्याच दिवसापासून कच्ची राहते.

दुसरे काही जण कमानीला हात घालतात. कमान कापतात, तापवून नरम करतात. त्यानं चाप हलका होतो खरा, पण घोड्याचा मारही कमजोर होतो. मग टोपी फुटत नाही, किंवा उशिरा पेटते. माणूस म्हणतो, उडाली नाही, आणि नळी उघडून बघायला जातो. तेवढ्यात बार होतो. म्हणून हेही लक्षात ठेवा : बार उडाला नाही तर नळी मोकळ्या बाजूला धरून काडतुसाच्या बंदुकीत निदान 30 सेकंद, ठासणीच्या बंदुकीत निदान 1 मिनिट तसंच थांबायचं. मग पुढचं पाहायचं.

आणि "माझ्या बंदुकीला सुरक्षेची कळ आहे" ह्या भरवशावर राहू नका. पुष्कळ बंदुकांत ही कळ फक्त चाप अडवते, घोडा अडवत नाही. खाच झिजलेली असेल तर कळ लावलेली असतानाही धक्क्यानं बार उडू शकतो.

चाप किती जड असावा?

जुने बंदूक-कारागीर एक ढोबळ माप सांगतात. चापाची ओढ बंदुकीच्या वजनाच्या साधारण निम्मी असावी. दुनळी बंदूक अदमासे 3 किलोची असते, म्हणजे ओढ दीड किलोच्या आसपास आली. शेतावर वापरायच्या बंदुकीला मी म्हणेन, दीड ते सव्वादोन किलो ही ठीक मर्यादा आहे. दोन चापांच्या दुनळीत पुढचा चाप जरा हलका आणि मागचा जरा जड ठेवतात. कारण पहिल्या बाराच्या धक्क्यानं दुसरी नळी सुटू नये.

दीड किलोच्या खाली गेलेली बंदूक जागलीला न्यायची नाही. अंधारात, थंडीनं बोटं बधिर झालेली असताना, चिखलात पाय घसरत असताना जड चापच आपला राखणदार असतो.

आता कुणी तरुण मुलगा म्हणेल, स्पर्धेतल्या नेमबाजांचे चाप तर किती हलके असतात! बरोबर आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 सालच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. त्या प्रकारात चापाची ओढ 1 किलोपेक्षा कमी चालत नाही. पंच 1 किलोचं वजन चापाला लावून बघतात. चापानं ते वजन पेललं पाहिजे, सुटता कामा नये. म्हणजे जगातल्या उत्तम नेमबाजालाही मर्यादा आहेच. आणि तिथे नळी सतत एका दिशेला, सपाट जमीन, भरपूर उजेड, पंचाच्या हुकमाशिवाय काडतूस भरायचं नाही. उडत्या ताटल्यांवर नेम धरायच्या स्पर्धेच्या काही बंदुकांना चाप जुळवायला बारीक स्क्रू असतो. तो स्क्रूसुद्धा बंदुकीबरोबर आलेल्या पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढाच, बंदूक रिकामी करून फिरवायचा असतो. आपल्या शेतावरच्या बंदुकीला असा स्क्रू बहुधा नसतोच. जो स्क्रू दिसतो तो लाकूड आणि लोखंड एकत्र धरणारा. तो चाप जुळवायचा समजून फिरवू नका.

चाप कसा मोजावा?

कोणतंही काम करण्यापूर्वी बंदूक रिकामी आहे ह्याची खात्री करा. "कालच रिकामी केली होती" हे चालणार नाही. नळी मोकळ्या दिशेला, बोट चापाच्या कड्याबाहेर. काडतुसाची बंदूक मोडून काडतुसं काढा, नळीतून आरपार उजेड बघा. काढलेली काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. लेकरं त्या जागेपासून लांब.

ठासणीच्या बंदुकीत नुसती टोपी काढली म्हणजे ती रिकामी झाली असं नाही. आत दारू आणि छर्रे असू शकतात. गज नळीत हळूच पूर्ण आत सोडा आणि तोंडाशी खूण करा. मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. गजाचं टोक नळीच्या बुडापर्यंत पोचत असेल तर बंदूक रिकामी आहे. चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत बार आहे. मग पुढे काहीही करू नका. जाणकाराकडून बार काढून घ्या.

आता मोजणं. ह्याला किराणा दुकानातली वजनं पुरतात. काडतुसाच्या बंदुकीत उडून गेलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घाला, म्हणजे आतली सुई फुकट आपटून मोडणार नाही. ठासणीच्या बंदुकीत घोडा आणि टोपी बसायची जागा ह्यांच्यामध्ये चामड्याचा जाड तुकडा ठेवा. घोडा चढवा. अंगणात, जिथे वर छप्पर नाही आणि जवळपास माणूस नाही, तिथे एकानं बंदूक उभी धरावी, नळी आभाळाकडे, डोकं नळीपासून लांब. दुसऱ्यानं तारेचा आकडा चापावर, जिथे बोटाचं पेर बसतं नेमकं तिथे, अडकवावा आणि त्याला पिशवी टांगावी. पिशवीत आधी 1 किलो ठेवा. मग पाव-पाव किलोनं वाढवत जा. दर वेळी बंदूक अलगद वर उचला, हिसका देऊ नका. ज्या वजनाला घोडा सुटेल ते लिहून ठेवा. असं तीन वेळा करा. तिन्ही वेळा जवळपास सारखंच वजन आलं तर ठीक. एकदा दीड किलो, एकदा सव्वादोन, एकदा एक किलो असं आलं, तर खाच खराब झाली असं समजा, चाप हलका असो की जड.

दुकानातला ताणकाटा असेल तर तोही चालतो. हळूहळू, सरळ मागे ओढायचा.

चाप जड का होतो?

माझ्या पाहण्यात आलं आहे की जड चापाच्या दहा तक्रारींत बऱ्याच तक्रारींना कानशीची गरजच नसते. कारणं साधी असतात.

पहिलं कारण म्हणजे वाळलेलं तेल आणि धूळ. आपल्याकडे बंदुकीला खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावायची सवय आहे. खोबरेल थंडीत गोठतं, शेंगदाण्याचं तेल काही दिवसांनी चिकट होऊन वाळतं. त्यावर शिवारातली धूळ बसली की डिंकासारखा थर होतो. दुसरं कारण गंज. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, परत आल्यावर ती आहे तशीच खुंटीला टांगतात, आणि पुढच्या हंगामात चाप हलत नाही. तिसरं कारण लाकूड. पावसाळ्यात दस्त्याचं लाकूड फुगतं आणि चापाच्या बाजूला घासतं. चौथं कारण म्हणजे चापाचं कडं. बंदूक पडून कडं वाकलं की ते चापाला अडतं.

म्हणून आधी हे करा. रिकामी बंदूक बाहेरून कोरड्या, मऊ फडक्यानं पुसा. चापाच्या फटीतली धूळ मऊ ब्रशनं काढा. शिलाई मशीनचं पातळ तेल थेंब-दोन थेंब सोडा, घोडा चार-सहा वेळा हातानं धरून हळू चढवा-उतरवा, वर आलेलं काळं तेल पुसून घ्या. रॉकेलनं धुतलंत तर धातूवरचं तेल सगळं निघून जातं आणि नंतर गंज लवकर धरतो. तेव्हा रॉकेलनंतर कोरडं पुसून तेल लावल्याशिवाय ठेवू नका. मग पुन्हा वजन लावून बघा. कित्येकदा एवढ्यानंच काम होतं.

आपलं काम इथे संपलं. आतलं कुलूप उघडणं, खाच, जीभ, कमान ह्यांना हात लावणं हे आपलं काम नाही. पाव किलो जास्त भरला म्हणून काही बिघडत नाही. पण साफसफाई करूनही ओढ 3 किलोच्या वर राहिली, किंवा दीड किलोच्या खाली असली, तर बंदूक कारागिराकडे द्या.

कारागीर कोण?

गावातला लोहार हुशार असेल, तिफणीचा फण त्याच्यासारखा कुणी करत नसेल. पण बंदुकीचं काम त्याला देऊ नका. 1959 सालच्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. बिनपरवाना दुरुस्ती केली तर लोहारही अडकेल आणि तुम्हीही अडचणीत याल. जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र-दुकानाची चौकशी करा. जाताना परवाना सोबत, बंदूक रिकामी आणि खोळीत. दुकानातून पावती घ्या. पावतीवर काय काम केलं आणि चापाची ओढ किती ठेवली, हे लिहून मागा. चांगला कारागीर ते आनंदानं लिहून देतो.

बंदूक परत आणल्यावर तिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. रिकाम्या बंदुकीवर ह्या चार परीक्षा घ्या. एक, वर सांगितल्याप्रमाणे ओढ मोजा. दोन, घोडा चढवून दस्ता जाड गोधडीवर टेकवत चार-पाच वेळा हलके आपटा आणि तळहातानं बाजूंनी थापट्या मारा. घोडा सुटता कामा नये. तीन, सुरक्षेची कळ लावून चाप नेहमीसारखा ओढा, बोट काढा, मग कळ मोकळी करा. कळ मोकळी करताना घोडा सुटला तर ती बंदूक धोक्याची आहे. चार, ठासणीच्या बंदुकीत घोडा अर्धा चढवून चाप ओढा. अर्ध्या खाचेतून घोडा सुटला तर ती खाच गेली असं समजा. ह्यातल्या एका जरी परीक्षेत बंदूक नापास झाली तरी ती परत कारागिराकडे पाठवायची.

कायद्याच्या दोन गोष्टी

शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमात, खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पण परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. त्याप्रमाणे रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पिकाचं नुकसान होत असेल तरी वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय बार काढायचा नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, ते अंधारात ओळखू येत नाही आणि ती चूक फार महाग पडते. नुकसान झालं की त्याच दिवशी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात अर्ज द्या, पंचनामा होईपर्यंत पीक तसंच राहू द्या. भरपाई मिळते, ती सोडू नका.

2019 सालच्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट आली. निष्काळजीपणानं बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरातीत हवेत बार काढणंही त्यातच येतं. आणि परवाना वडिलांच्या नावाचा असेल व वडील वारले असतील, तर बंदूक घरात ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करून वारसाचा अर्ज करा.

खरं सांगायचं तर बंदूक हा जागलीचा शेवटचा उपाय आहे. धुऱ्यानं काटेरी करडईचे दाट तास, सौर झटक्याचं कुंपण, आळीपाळीनं चार-पाच शेजाऱ्यांची एकत्र जागल, डबे आणि बॅटऱ्या ह्यांनी पुष्कळ काम होतं. कुंपणात घरची वीज मात्र कधीही सोडू नका. त्यात डुकराच्या आधी माणूस मरतो.

लक्षात ठेवा

1. हाती घेतलेली प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा.
2. आधी साफसफाई, मग मोजमाप, मग गरज असेल तरच कारागीर.
3. खाचेला कानस नाही, कमानीला आग नाही.
4. दीड किलोच्या खालचा चाप शेतावर न्यायचा नाही.
5. माळ्यावर चढताना-उतरताना, धुरा किंवा नाला ओलांडताना बंदूक रिकामी. आधी बंदूक खाली ठेवायची, मग माणूस उतरायचा.
6. आवाजावर, हलत्या पिकावर बार काढायचा नाही. बाजूच्या वावरातही कुणी जागलीला बसलेलं असतं.

त्या माळ्याखालच्या पुतण्याचं सांगायचं राहिलं. तो बरा आहे, यंदा दहावीला आहे. त्याच्या चुलत्यानं बंदूक परवानाधारक दुकानात नेऊन खाच नवी करून घेतली. चाप आता पावणेदोन किलोवर सुटतो, आम्ही दोघांनी अंगणात वजन लावून पाहिलं. मी विचारलं, "जड वाटतोय का?" तर म्हणाला, "वाटतोय साहेब. पण लेकरू सोबत असतंय ना."

बंधूंनो, ह्या आठवड्यात आपल्या घरची बंदूक एकदा वजन लावून बघा.

राम राम.